शाहिदुल आलम : कॅमेरा दुसऱ्याच्या हाती देणारा छायाचित्रकार

दृक्, पाठशाला, छबि मेला. ढाक्यातल्या या तीन नावांचा अर्थ मराठी वाचकाला कुणाला विचारावा लागत नाही. ‘दृक्‌श्राव्य’मधला दृक् आपल्या ओळखीचा आहे, पाठशाला आपलीच आणि छबीही आपलीच. यातली पहिली आहे फोटो एजन्सी, दुसरी छायाचित्रण शिकवणारी संस्था आणि तिसरा छायाचित्रांचा आंतरराष्ट्रीय महोत्सव. ही तिन्ही कामं उभी राहिली ती प्रामुख्याने एका माणसाच्या खटपटीतून. त्यांचं नाव शाहिदुल आलम.

आपल्याकडच्या बातम्यांत हे नाव ठळकपणे आलं ते ऑगस्ट २०१८मध्ये. बांगलादेशच्या पोलिसांनी एका रात्री त्यांना घरातून उचललं आणि पुढचे साडेतीन महिने तुरुंगात ठेवलं. एका मुलाखतीवरून साठी ओलांडलेल्या छायाचित्रकाराला सरकारने इतकं मनावर का घ्यावं, असा प्रश्न तेव्हा अनेकांना पडला होता. त्याचं उत्तर शोधायचं तर अटकेच्या आधीची तीस वर्षं पाहावी लागतात. आलम यांचे फोटो उत्तम आहेतच. पण त्यांनी कॅमेरा हाती देऊन तयार केलेली माणसं हे त्यांचं जास्त मोठं काम आहे, असं या लेखाचं म्हणणं आहे.

रसायनशास्त्राचा डॉक्टर, उधारीचा कॅमेरा

आलम यांचा जन्म १९५५चा, ढाक्यातला. घर शिकलेलं. वडील काझी अबुल मन्सूर हे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ. कॉलऱ्याचे जंतू प्रयोगशाळेत वाढवून ओळखण्यासाठी त्यांनी बनवलेलं माध्यम वैद्यकीय ग्रंथांत त्यांच्या नावानेच ओळखलं जातं. आई अन्वरा मन्सूर यांनी मुलींसाठी शाळा काढली. मुलानेही विज्ञानाचीच वाट धरली. तो इंग्लंडला गेला, आधी लिव्हरपूलला शिकला आणि मग लंडन विद्यापीठातून रसायनशास्त्रात पीएचडी झाला.

कॅमेरा त्यांच्या आयुष्यात आला तो जवळजवळ अपघाताने. १९८०मध्ये ते अमेरिका-कॅनडाच्या सहलीला निघाले होते. तिकडे कॅमेरे स्वस्त मिळतात म्हणून एका मित्राने आपल्यासाठी निकॉन आणायला सांगितला. आलम यांनी तो आणला, पण मित्राकडे द्यायला पैसे नव्हते. कॅमेरा घरीच राहिला आणि घरात आहेच तर वापरून पाहू, म्हणून सुरुवात झाली. पुढे लंडनमध्ये लहान मुलांचे पोर्ट्रेट काढून काही काळ त्यांचं पोटही भागलं. १९८४मध्ये ते ढाक्याला परतले तेव्हा रसायनशास्त्र मागे पडलं होतं.

परतल्यावर लगेच क्रांती वगैरे काही केली नाही. फॅशनचे आणि कंपन्यांचे फोटो काढले, कारण पैसे त्यातच होते. पण बाहेर रस्त्यावर जनरल इर्शाद यांच्या लष्करी राजवटीविरुद्ध आंदोलन पेटत होतं आणि आलम कॅमेरा घेऊन तिकडे जाऊ लागले. १९८८च्या महापुरात त्यांनी ढाक्याच्या कमलापूर भागात छातीभर पाण्यातून वाट काढणाऱ्या बाईचा फोटो काढला. त्याच काळात एका मंत्र्याच्या घरचं थाटामाटाचं लग्नही त्यांनी टिपलं. दोन्ही फोटो शेजारी ठेवले की खाली ओळ लिहायची गरज उरत नाही. डिसेंबर १९९०मध्ये इर्शाद पायउतार झाले. १९९१च्या निवडणुकीत मतदानाच्या पडद्याआड उभ्या असलेल्या बाईचा त्यांचा फोटो आजही त्या काळाची खूण म्हणून दाखवला जातो. या कामासाठी १९९२मध्ये अमेरिकेतल्या ‘मदर जोन्स’चा माहितीपर छायाचित्रणाचा पुरस्कार त्यांना मिळाला.

एका लहान मुलीचं आश्चर्य

आलम एक प्रसंग वारंवार सांगतात. ते उत्तर आयर्लंडमध्ये मित्राकडे उतरले होते. खोलीत खिशातली नाणी काढून ठेवत असताना त्या घरातली पाच वर्षांची मुलगी डोळे विस्फारून पाहत राहिली. या पाहुण्याकडे पैसे आहेत, याचंच तिला नवल वाटलं होतं. हा माणूस बांगलादेशचा, आणि बांगलादेशच्या माणसाकडे पैसे असू शकतात हे तिने कधी पाहिलंच नव्हतं. पाच वर्षांच्या पोरीचा यात काय दोष? तिने पाहिलेल्या प्रत्येक चित्रात बांगलादेश म्हणजे पूर, उपासमार आणि पुढे केलेला हात होता.

ते फोटो खोटे नव्हते, हे इथे लक्षात घेतलं पाहिजे. पूर खरा होता, भूकही खरी होती. पण फोटो काढणारा बाहेरून यायचा, आठवडाभर राहायचा आणि परत जायचा. कुठला फोटो छापायचा ते लंडन किंवा न्यूयॉर्कमध्ये ठरायचं. बऱ्याचदा फोटोचा उपयोग देणग्या गोळा करायला व्हायचा, त्यामुळे चेहरा जितका केविलवाणा तितका तो कामाचा. आपल्याकडे दुष्काळाच्या वर्षी भेगाळलेल्या जमिनीवर डोक्याला हात लावून बसलेल्या शेतकऱ्याचा फोटो दर वेळी छापून येतो. त्या शेतकऱ्याने उरलेलं वर्षभर काय केलं, हे त्यातून कधी कळत नाही. तक्रार आहे ती याबद्दलची.

एप्रिल १९९१च्या चक्रीवादळात बांगलादेशच्या किनाऱ्यावर एक लाखाहून जास्त माणसं दगावली. जगभरचे कॅमेरे प्रेतांकडे वळलेले असताना आलम यांनी पुन्हा घर बांधणाऱ्या, जाळी दुरुस्त करणाऱ्या, शेतात उतरणाऱ्या माणसांचे फोटो काढण्यावर भर दिला.

‘तिसरं जग’ हा शब्दही त्यांना खटकत असे. पहिलं कोण आणि तिसरं कोण, हे ठरवलं कुणी? नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपासून ते त्याऐवजी ‘मेजॉरिटी वर्ल्ड’, म्हणजे बहुसंख्यांचं जग, हा शब्द वापरू लागले. जगातली बहुतेक माणसं जिथे राहतात त्या देशांना त्यांच्याकडे काय नाही यावरून ओळखण्यापेक्षा ते किती आहेत यावरून ओळखावं, असा त्यामागचा साधा हिशेब. पुढे याच नावाची एक फोटो एजन्सीही निघाली.

दृक् : फोटो विकायचे कसे?

४ सप्टेंबर १९८९ला ढाक्यात ‘दृक्’ सुरू झाली. कल्पना सरळ होती. बांगलादेशात चांगले छायाचित्रकार आहेत, पण परदेशी मासिकांना त्यांची नावं माहीत नाहीत आणि त्यांना मासिकांच्या वाटा माहीत नाहीत. मध्ये एक दुकान हवं. ‘दृक्’ हे असं दुकान झालं, आणि त्याबरोबर प्रयोगशाळा, छापखान्याची कामं, प्रदर्शनाचं दालन. तिने काढलेली कॅलेंडरं घराघरांत आणि कचेऱ्यांत टांगली गेली, आणि ज्या लोकांनी कधी आर्ट गॅलरीचं तोंड पाहिलं नव्हतं त्यांनी चांगले फोटो त्या कॅलेंडरांवर पाहिले.

‘दृक्’ ही धर्मादाय संस्था नव्हती, हा मुद्दा महत्त्वाचा आहे. ती कंपनी होती. गिऱ्हाइकांची कामं करून पैसे मिळवायचे आणि त्यातून न विकली जाणारी कामं करायची, असा तिचा व्यवहार. यात ओढाताण असतेच. आज ज्या विकाससंस्थेच्या अहवालासाठी फोटो काढायचे, तिच्याच नजरेवर उद्या टीका करायची, हे अवघड. आलम यांच्यावर या अंगाने प्रश्न विचारता येतात. पण फक्त अनुदानावर चालणाऱ्या कलासंस्थांचं अनुदान थांबल्यावर काय होतं ते पाहिलं, तर हा मार्ग व्यवहारी होता असं म्हणावं लागेल.

एक अडचण मात्र कॅमेऱ्याची नव्हती, टेलिफोनची होती. परदेशी फोन आणि फॅक्स महाग होते, आणि फोटो विकायचा तर रोज निरोपांची देवघेव हवी. १९९४च्या सुमारास ‘दृक्’ने ई-मेलची सेवाच सुरू केली. बांगलादेशात तेव्हा थेट इंटरनेट यायला अजून दोन वर्षं होती. त्यामुळे दिवसभरातले सगळ्यांचे निरोप गोळा करायचे, ठरावीक वेळी परदेशी फोन लावून एकदम पाठवायचे आणि आलेले उतरवून घ्यायचे, अशी व्यवस्था होती. टपालाच्या थैलीसारखंच म्हणा ना. ढाक्यातल्या इतर संस्था आणि माणसंही ती वापरू लागली. एका फोटो एजन्सीने देशातल्या पहिल्यावहिल्या ई-मेल सेवांपैकी एक चालवावी, ही गंमतच. पण आलम यांच्या कामाचा हा नमुना आहे. जे हवं ते नसेल, तर ते आधी बांधायचं.

‘आउट ऑफ फोकस’ची मुलं

१९९४मध्येच ‘दृक्’ने ढाक्यातल्या कष्टकरी कुटुंबांतल्या मुलांचा एक छोटा गट जमवला आणि त्यांना छायाचित्रण शिकवायला सुरुवात केली. गटाचं नाव ‘आउट ऑफ फोकस’.

अशा कार्यशाळा आता सगळीकडे होतात. दोन दिवस मुलांना कॅमेरे द्यायचे, त्यांच्या फोटोंचं प्रदर्शन लावायचं, पाहुण्यांनी कौतुक करायचं आणि तिसऱ्या दिवशी कॅमेरे परत घ्यायचे. मुलांच्या वाट्याला आठवण येते आणि आयोजकांच्या वाट्याला अहवाल. ‘आउट ऑफ फोकस’चं वेगळेपण हे की ती थांबली नाही. मुलं वर्षानुवर्षं शिकत राहिली. फिल्मचा तो काळ होता, छत्तीस फोटोंचा रोल आणि त्याचं डेव्हलपिंग यांना पैसे पडत, म्हणजे प्रत्येक वेळी बटण दाबण्याआधी विचार करावा लागे. मुलं आपल्याच वस्तीचे, घरातले, कारखान्यातले फोटो काढत. बाहेरच्या छायाचित्रकाराला जो ‘गरीब मुलगा’ दिसतो, तो यांच्या फोटोत कुणाचा तरी भाऊ असतो आणि बऱ्याचदा हसत असतो. यातली काही मुलं मोठी होऊन याच व्यवसायात आली.

इथे एक प्रश्न विचारायला हवा. आलम स्वतः वरच्या थरातले, परदेशात शिकलेले. त्यांनी वस्तीतल्या मुलांना ‘आवाज दिला’ म्हणणं हेही पुन्हा वरून खाली पाहणंच नाही का? ही शंका रास्त आहे, आणि एखाद्या कार्यशाळेने ती फिटत नाही. ती फिटायची तर शिकणारा पुढे शिकवणारा झाला पाहिजे, आणि फोटो निवडण्याचा अधिकारही त्याच्याकडे गेला पाहिजे. त्यासाठी शाळा लागते.

पाठशाला

डिसेंबर १९९८मध्ये ‘पाठशाला’ सुरू झाली. नेदरलँड्समधल्या ‘वर्ल्ड प्रेस फोटो’ या संस्थेने ढाक्यात प्रशिक्षणाचा कार्यक्रम घेतला होता, त्या निमित्ताचा आलम यांनी कायमच्या संस्थेसाठी उपयोग करून घेतला. पाहुणे शिक्षक जगभरातून येत, पण विषय ढाक्याच्या रस्त्यावरचे असत.

‘पाठशाला’तून बाहेर पडलेल्यांची नावं आज आंतरराष्ट्रीय छायाचित्रणात सहज भेटतात. मुनेम वासिफ, सरकार प्रतीक ही त्यातली दोन. पण सर्वाधिक लोकांनी पाहिलेला फोटो आहे तसलिमा अख्तर यांचा.

२४ एप्रिल २०१३ला ढाक्याजवळच्या सावर इथली राणा प्लाझा ही इमारत कोसळली. आत कपडे शिवण्याचे कारखाने होते. मृतांचा आकडा ११३४. ढिगाऱ्यात एकमेकांना मिठी मारलेल्या अवस्थेत दोन मृतदेह अख्तर यांना दिसले, एक स्त्री आणि एक पुरुष. तो फोटो जगभर छापला गेला आणि स्वस्त शर्टांची खरी किंमत काय असते, याची चर्चा सुरू झाली. अख्तर केवळ बातमीच्या मागावर तिथे पोहोचल्या नव्हत्या. त्या कापड कामगारांच्या संघटनेच्या कार्यकर्त्या होत्या, आधीपासून. फोटो गाजल्यावर त्या दुसऱ्या विषयाकडे वळल्या नाहीत. मृतांच्या नातेवाइकांबरोबर त्या काम करत राहिल्या, बेपत्ता माणसांच्या कहाण्या गोळा केल्या, त्यांच्या आठवणी शिवलेली कांथा, म्हणजे आपली गोधडी, नातेवाइकांबरोबर तयार केली. त्या उत्तर आयर्लंडमधल्या मुलीने पाहिलेल्या फोटोंत आणि या फोटोत फरक कशाचा, हे यापेक्षा स्पष्ट करून सांगता येणार नाही.

आलम यांना स्वतःला या काळात मानही मिळत होते. २००३मध्ये ‘वर्ल्ड प्रेस फोटो’ स्पर्धेच्या परीक्षक मंडळाचं अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं. त्या खुर्चीवर बसणारे ते पहिले गौरेतर. ब्रह्मपुत्रेच्या काठाने तिबेटपासून बंगालच्या उपसागरापर्यंत त्यांनी केलेला प्रवास, मलेशियात राबणाऱ्या बांगलादेशी मजुरांवरचं त्यांचं काम, यांवर स्वतंत्र लेख होऊ शकेल.

न आवडणारे फोटोही लावायचे

‘छबि मेला’चा पहिला महोत्सव १९९९-२०००च्या हिवाळ्यात भरला. त्यात १९७१च्या मुक्तियुद्धावर एक मोठं प्रदर्शन होतं आणि ते राष्ट्रीय संग्रहालयात लागणार होतं. देशाच्या जन्माचे फोटो, देशाच्या संग्रहालयात. यात अडचण ती काय असणार?

अडचण थोड्याच फोटोंची होती. पाकिस्तानी सैन्य शरण आल्यावर दोनच दिवसांनी, १८ डिसेंबर १९७१ला, मुक्तिवाहिनीच्या लोकांनी ढाक्यातल्या एका मैदानावर हात बांधलेल्या कैद्यांना संगिनींनी भोसकून मारलं होतं. हॉर्स्ट फास आणि मिशेल लोराँ यांनी काढलेल्या त्या फोटोंना १९७२चं पुलित्झर पारितोषिक मिळालं होतं. पाकिस्तानी सैन्याने केलेल्या कत्तली दाखवणारे फोटो संग्रहालयाला हवे होते, आपल्या बाजूचे मात्र नको होते. ते काढून टाका, असं सांगण्यात आलं. आलम यांनी सगळंच प्रदर्शन तिथून हलवलं आणि ‘दृक्’च्या स्वतःच्या दालनात लावलं.

शत्रूचे गुन्हे दाखवायला फारसं धैर्य लागत नाही. ज्या लढ्यावर देश उभा आहे, त्यातला डाग त्याच देशाच्या राजधानीत दाखवायला लागतं. आणि स्वतःचं दालन असल्याशिवाय ते धैर्यही कामाला येत नाही, ही यातली व्यवहाराची बाजू.

महोत्सव दालनापुरता राहू नये म्हणून फोटो सायकल-रिक्षांच्या हातगाड्यांवर लावून बाजारांतून, वस्त्यांतून फिरवले गेले. पुढच्या वर्षांत ‘छबि मेला’ आशियातल्या महत्त्वाच्या महोत्सवांत गणला जाऊ लागला.

२०१०चं ‘क्रॉसफायर’ हे त्यांचं सर्वात वादळी प्रदर्शन. मुंबईत ज्याला ‘एन्काउंटर’ म्हणतात, त्याला बांगलादेशात ‘क्रॉसफायर’ म्हणतात. २००४मध्ये स्थापन झालेलं रॅपिड अ‍ॅक्शन बटालियन, म्हणजे रॅब, हे दल त्यासाठी कुप्रसिद्ध झालं होतं. प्रत्येक वेळी निवेदन जवळपास तेच : आरोपीला शस्त्रं शोधायला रात्री बाहेर नेलं, त्याच्या साथीदारांनी गोळीबार केला, त्यात तो सापडला. आपल्या वाचकांनाही या मजकुराची चाल ओळखीची वाटेल.

आता याचे फोटो काढायचे कसे? घटना घडून गेलेली, साक्षीदार घाबरलेले. आणि मृतदेहांचे फोटो वर्तमानपत्रांत इतके येऊन गेलेले की ते पाहून कुणाला काही वाटेनासं झालं होतं. आलम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधी प्रकरणांचा अभ्यास केला, आणि मग त्यातल्या एकेका तपशिलावरून रात्रीच्या अंधारात, टॉर्चच्या झोतात फोटो काढले. एखादं भातशेत, एखादा गमछा. फोटोत हिंसा कुठेच नाही. पाहणाऱ्याला माहीत असतं की टॉर्चचा हा झोत कुणाच्या तरी शेवटच्या नजरेचा आहे.

२२ मार्च २०१०ला उद्घाटन होतं. त्याआधीच पोलिसांनी ‘दृक्’च्या दारांना वेढा घातला. परवानगी नाही, असं कारण दिलं गेलं. उद्घाटनाला कोलकात्याहून महाश्वेता देवी आल्या होत्या. मग उद्घाटन रस्त्यावरच झालं. ‘दृक्’ उच्च न्यायालयात गेली, न्यायालयाने सरकारला जाब विचारला आणि मार्च संपता संपता पोलीस दारातून हलले. डिसेंबर २०२१मध्ये अमेरिकेने रॅबवर निर्बंध घातले, तोवर या विषयावर जगभर बरंच लिहून झालं होतं. ‘क्रॉसफायर’ त्याच्या अकरा वर्षं आधीचं.

याच वळणाचं पुढचं काम कल्पना चकमा यांच्यावरचं. चितगाव डोंगरी प्रदेशातल्या आदिवासी स्त्रियांच्या संघटनेची ही तेवीस वर्षांची कार्यकर्ती. १२ जून १९९६च्या पहाटे तिला घरातून पळवून नेण्यात आलं. आरोप लष्कराच्या अधिकाऱ्यावर झाला. ती परत आली नाही आणि कुणाला शिक्षाही झाली नाही. तिच्यासाठी लढत राहिलेल्यांचे चेहरे आलम यांनी कागदावर छापले नाहीत, लेझरने गवती चटयांवर जाळून उमटवले. कल्पनाच्या घरात पलंग नव्हता, ती चटईवर झोपायची. आणि त्या डोंगरांतली घरं पेटवून दिली गेली होती, म्हणून चित्रही आगीतूनच. साहित्याची निवड ही इथे शोभेची बाब नाही. ती साक्षीचाच एक भाग आहे.

१०७ दिवस

२०१४मध्ये बांगलादेश सरकारने आलम यांना ‘शिल्पकला पदक’ दिलं. चार वर्षांनी त्याच सरकारने त्यांना अटक केली.

२९ जुलै २०१८ला ढाक्यात भरधाव बसखाली दोन विद्यार्थी ठार झाले आणि शाळा-कॉलेजांतली मुलं रस्त्यावर उतरली. गणवेशातली पोरं गाड्या अडवून लायसन्स तपासत होती, मंत्र्यांच्याही. मग त्यांच्यावर हल्ले सुरू झाले. आलम फोटो काढत होते आणि फेसबुकवरून थेट दाखवत होते. ४ ऑगस्टला त्यांच्यावरही हल्ला झाला, कॅमेरा फोडला गेला. ५ ऑगस्टला त्यांनी ‘अल जझीरा’ला मुलाखत दिली आणि सरकारवर कडक टीका केली. त्याच रात्री साध्या वेशातल्या माणसांनी त्यांना धानमंडीतल्या घरातून नेलं.

दुसऱ्या दिवशी त्यांना न्यायालयात आणलं तेव्हा ते अनवाणी होते, त्यांना धरून चालवावं लागत होतं. आपल्याला मारहाण झाल्याचं त्यांनी सांगितलं. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ज्या ५७व्या कलमाखाली गुन्हा लावला गेला, ते इतकं सैल होतं की देशाच्या प्रतिमेला बाधा आणणारं काहीही त्यात बसवता येई. आलम तुरुंगात असतानाच, सप्टेंबर २०१८मध्ये, त्याची जागा घेणारा नवा डिजिटल सुरक्षा कायदा संसदेने मंजूर केला. तोही काही सौम्य नव्हता.

आता तीस वर्षांच्या कामाचं फळ दिसलं. त्यांची सहचरी, मानववंशशास्त्रज्ञ रेहनुमा अहमद, यांनी मोहीम उभी केली. ढाक्यात विद्यार्थ्यांनी, जगात ठिकठिकाणी छायाचित्रकारांनी निदर्शनं केली. भारतातून अरुंधती रॉय यांनी त्यांना खुलं पत्र लिहिलं, अमर्त्य सेन बोलले. रघू राय यांनी थेट पंतप्रधान शेख हसीना यांना पत्र लिहिलं. १९७१च्या निर्वासितांचे आणि युद्धाचे फोटो काढणाऱ्या राय यांचा बांगलादेशने मुक्तियुद्धाचे मित्र म्हणून गौरव केला होता, त्यामुळे त्या पत्राला वजन होतं. जामीन अनेकदा नाकारला गेला. अखेर उच्च न्यायालयाने तो १५ नोव्हेंबरला दिला आणि २० नोव्हेंबरला आलम बाहेर आले. एकूण १०७ दिवस. ‘टाइम’ मासिकाने त्या वर्षी ‘पर्सन ऑफ द इयर’ म्हणून सत्यासाठी किंमत मोजणाऱ्या पत्रकारांना निवडलं, त्यांत आलम यांचाही उल्लेख होता.

तुरुंगात कॅमेरा नव्हता. बाहेर आल्यावर त्यांची भाची, वास्तुरचनाकार सोफिया करीम, यांनी केरानीगंजच्या त्या तुरुंगाची लहान प्रतिकृती केली. आत फोटो काढता आला नाही, म्हणून आठवणीतून मोजमाप.

सुटकेनंतर तीन महिन्यांत, फेब्रुवारी २०१९च्या अखेरीस, दहावा ‘छबि मेला’ भरला. तो बांधकाम अजून चालू असलेल्या इमारतीत, ‘दृक्’ आणि ‘पाठशाला’च्या नव्या वास्तूत झाला. प्लास्टर न केलेल्या भिंतींवर फोटो लागले. आणि तो उभा केला होता मुख्यतः आलम तुरुंगात असताना काम करत राहिलेल्या तरुण मंडळींनी, ज्यांतली बरीच ‘पाठशाला’त शिकलेली होती.

त्यानंतर

५ ऑगस्ट २०२४ला विद्यार्थ्यांच्या उठावानंतर शेख हसीना देश सोडून गेल्या. आलम यांच्या अटकेला त्या दिवशी बरोबर सहा वर्षं झाली होती. त्या उठावातही ते कॅमेरा घेऊन रस्त्यावर होतेच. ऑक्टोबर २०२५मध्ये गाझाकडे निघालेल्या ‘कॉन्शन्स’ या जहाजावर पत्रकार आणि डॉक्टरांबरोबर ते होते. इस्रायलने जहाज समुद्रातच ताब्यात घेतलं, सगळ्यांना काही दिवस अडकवून ठेवलं आणि मग सोडलं. आलम तुर्कस्तानमार्गे ढाक्याला परतले. वय तेव्हा सत्तर.

त्यांचं काम पाहायचं असेल तर दोन पुस्तकं आहेत. २०११चं ‘माय जर्नी अ‍ॅज अ विटनेस’ हे आधीच्या तीन दशकांचं, आणि ‘द टाइड विल टर्न’ हे तुरुंगातल्या दिवसांचं. अरुंधती रॉय यांचं पत्र आणि आलम यांचं उत्तर या दुसऱ्या पुस्तकात वाचायला मिळतं. भारतात त्यांच्या एकूण कामाचं मोठं प्रदर्शन २०२२मध्ये कोलकात्यात झालं. एकच फोटो पाहायला वेळ असेल, तर मात्र ‘पाठशाला’च्या विद्यार्थिनीने, तसलिमा अख्तर यांनी, राणा प्लाझाच्या ढिगाऱ्यात काढलेला तो पाहावा.